आधी थांबा, मंग सरका

नागपूरहून परत आल्यापासून साताऱ्यात जो भेटतो तो विचारतो, काय काय पाहिलंत? संत्र्याच्या बागा पाहिल्या का, वाघ दिसला का? वाघ दिसला नाही. संत्री पोटभर खाल्ली, पण ती अंगणात, उन्हाकडे पाठ करून. खरं सांगायचं तर नागपुरात मी सगळ्यात जास्त काही पाहिलं असेल तर ते रस्ते. सिमेंटचे, मातीचे, खणलेले, बुजवलेले. असल्या प्रवासाचं वर्णन कोण वाचणार, असं मला वाटत होतं. पण आमच्या सोसायटीच्या बाकावरच्या बायका तेच तेच पुन्हा सांगायला लावतात, तेव्हा म्हटलं, लिहूनच काढावं.

मी साताऱ्यात एकटी राहते. आयुष्यभर बायकांचे ब्लाऊज शिवले, शिवणाचे वर्ग घेतले. पाय मशीनवर चालले, रस्त्यावर त्याहून जास्त चालले. गेल्या पावसाळ्यात मंडईच्या उतारावर एका सुट्या फरशीवर पाय पडला, फरशी उलटली आणि मी हातावर आपटले. मनगट मोडलं. यथावकाश प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण माझं मन काही जुळेना. भाजी फोनवरून मागवायची, दूध दाराशी घ्यायचं, गॅलरीतून रस्ता बघायचा. मुलगा बंगळूरला असतो. तो म्हणाला, "आई, घर बंद कर आणि इकडेच ये." त्याचं काही चुकत नव्हतं. मी म्हटलं, संक्रांत होऊ दे, मग सांगते. मनातून जवळजवळ 'हो' झालंच होतं.

तेवढ्यात नागपूरहून फोन आला. शशिकलाबाई, माझ्या अनघाच्या सासूबाई. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, त्यामुळे त्यांचा आवाज अजून तारेशिवायही नागपूरहून साताऱ्यापर्यंत पोचेल असा.

"विहीणबाई, मी ऐकून राहिली का तुम्ही म्हणे घराच्या बाहेरच निघत नाही. काहून?"

"भीती वाटते हो."

"मंग इकडं या. भीती तिकडंही आहे न इकडंही आहे. इकडं निदान संत्री तं आहेत."

हुडकेश्वर

गाडीतल्या प्रवासाचं काय सांगायचं? बसले, झोपले, उतरले. उतरताना मात्र डब्याची पायरी आणि फलाट यांच्यातली दरी पाहून मी दारातच खिळले. मागून लोक ओरडायला लागले. अनघाने खालून दोन्ही हात धरले आणि मला एखाद्या पार्सलासारखं उतरवून घेतलं. टॅक्सीत मी डोळे पुसत होते. ती म्हणाली, "अगं आई, दमली आहेस तू." दमले नव्हते मी.

हुडकेश्वर म्हणजे नागपूरच्या दक्षिणेला वाढत चाललेली वस्ती. काल शेत होतं तिथे आज ले-आउट. एका घराला रंग लागतोय तर शेजारी पाया खणतायत. रस्त्यावर रेती, गिट्टी, विटांचे ढीग. मधला रस्ता सिमेंटचा, चांगला रुंद, पण दोन्ही कडांना तो जमिनीपेक्षा चांगला वीतभर उंच. मी गेटातूनच ते सगळं पाहिलं आणि ठरवलं की इथे अंगणाबाहेर पाऊल टाकायचं नाही.

बैठकीच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली शशिकलाबाईंच्या मिस्टरांचा. चहा झाला, तर्रीपोहे झाले. आमच्याकडे पोह्यांवर लिंबू पिळतात, इथे लालभडक रस्सा ओततात आणि वर चिवडा. डोळ्यांतून पाणी आलं. शशिकलाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "सांबार टाकू का अजून?" मला वाटलं, पोह्यांवर आता इडलीचं सांबारही ओतणार! मी दोन्ही हात आडवे केले. त्या कोथिंबिरीची मूठ घेऊन दारात उभ्या. इकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात, हे कळल्यावर घरभर हशा झाला.

पोहे संपले तशा त्या पदर खोचून म्हणाल्या, "चला."

"कुठे?"

"कोपऱ्यापर्यंत. तुम्ही कशा चालता ते पाहाचं आहे मले."

मी अनघाकडे पाहिलं. तिने मुद्दाम भांडी घासायला घेतली.

मी निघाले. एक हात त्यांच्या दंडावर, नजर पायांच्या बोटांवर. थोडं पुढे गेलो असू, तर मागून मोटरसायकलचा भोंगा वाजला. मी दचकून बाजूला झाले आणि तिथे रस्ता संपत होता. पाऊल हवेत गेलं. शशिकलाबाईंनी दंड घट्ट धरला होता म्हणून वाचले. मोटरसायकलवाला तोवर निघूनही गेला.

मला वाटलं आता त्या धीर देतील. त्यांनी झापलं.

"असं उडी नाही मारायची न जी! भोंगा वाजला का आधी थांबा, मंग सरका. तो वाजवून राहिला म्हणजे त्याले तुम्ही दिसून राहिल्या. थांबलेल्या बाईले तो चुकवते. उडणाऱ्या बाईले कोण चुकवणार?"

मग माझी हनुवटी बोटाने वर केली. "आन् पायाकडं नका पाहू. पाय कुठं जात नाही पळून. चार पावलं पुढं पाहा."

कोपऱ्यावर एका घराच्या ओट्यावर आम्ही टेकलो. मी म्हटलं, "शशिकलाबाई, मी नाही फिरले तर काय बिघडतं? घरात तरी सुरक्षित आहे."

त्या म्हणाल्या, "आमचे हे दूध आणायले गेले न गिट्टीवरून घसरले. हाड नाही मोडलं, काही नाही. पण मी म्हटलं, आता बाहेर जाऊ नका. खुर्ची दिली, टीव्ही दिला, सगळं हातात दिलं. पायातली ताकद गेली तं घरातल्या घरात पडू लागले. विहीणबाई, लोक म्हणतात ते पडल्यानं गेले. नाही. ते बसल्यानं गेले."

बैठकीतल्या फोटोतला तो हसरा माणूस मला आठवला. परत येताना मी मान वर ठेवून चालले.

बर्डी

दुसऱ्या दिवशी त्या मला सीताबर्डीला घेऊन गेल्या. नागपूरचे लोक नुसतं 'बर्डी' म्हणतात. आमच्या राजवाड्यावरची दिवाळीची गर्दी तिथे रोजच असते. माझ्या चपला त्यांनी घरीच उलट्या करून पाहिल्या होत्या. तळवे झिजून आरशासारखे झाले होते. "ह्या चपला नाही, ह्या घसरगुंड्या आहेत," असा निकाल दिला होता.

दुकानातल्या पोरीला त्यांनी सांगितलं, "बूट दाखव. टाच पक्की पाह्यजे, तळवा खरबरीत पाह्यजे न वजनाले हलका."

"आजी, साडीवर बूट?" पोरगी हसली.

"साडीवर नाही वं, पायात."

मी आयुष्यात पहिल्यांदा पांढरे बूट घातले. आरशात पाहिलं तर वरून मी आणि खालून कुणी क्रिकेटवाला. लाज वाटली. पण दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर चार पावलं टाकली आणि काय सांगू, जमीन पायाला धरून राहिली. मी दुकानात एक चक्कर मारली. मग आणखी एक. पोरगी म्हणाली, "घरी पण फिरता येईल, आजी!"

आनंदात बाहेर पडले आणि दुकानाच्या पायरीवरच ठेचकाळले. बुटांची चूक नव्हती, माझा परकर लांब होता. उंच टाचेच्या चपलांवर शिवलेला, आता बुटांवर लोळत होता. ही गोष्ट कळायला मला कुणी लागत नव्हतं. घरी येऊन मी अनघाची मशीन काढली आणि परकराची पट्टी घोट्याच्या वर घेतली. शशिकलाबाई बाजूला उभ्या राहून पाहत होत्या. मग आत जाऊन स्वतःचे सगळे परकर उचलून आणले आणि माझ्या मांडीवर टाकले.

ले-आउटमधली मोकळी जागा

घरांच्या मधोमध एक मोकळी जागा आहे, कडेला सिमेंटची बाकं. ऊन अंगाला लागायला लागलं की वस्तीतल्या वयस्क बायका तिथे जमतात. शशिकलाबाई त्यांच्या म्होरक्या. मिस्टरांच्या मागे त्यांनी एका फिजिओथेरपीच्या डॉक्टरीणबाईंकडून व्यायाम शिकून घेतले आणि मग वस्तीला शिकवले. बाक धरून एका पायावर उभं राहायचं. एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत दोरीवरून चालल्यासारखं चालायचं. हात न टेकता बाकावरून उठायचं आणि धप्पकन न पडता बसायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो. मी एका पायावर उभी राहिले आणि वाऱ्यातल्या केळीसारखी डोलायला लागले. सगळ्या बायका माझ्यासाठी मोठमोठ्याने अंक म्हणू लागल्या, तर हसू येऊन मी आणखीच डोलले.

सगळ्यात मजेचा धडा जमिनीवरून उठण्याचा. "पडणं शिकवत नाही मी," शशिकलाबाई म्हणाल्या, "ते सगळ्याईले येते. उठणं शिकवून राहिली." सतरंजीवर आडवं व्हायचं. आधी तसंच पडून श्वास घ्यायचा, कुठे दुखतंय ते तपासायचं. कमरेत कळ आली किंवा डोकं आपटलं असेल तर हलायचंच नाही, हाक मारायची, दवाखान्याची गाडी बोलवायची. सगळं ठीक असेल तर कुशीवर, मग चार पायांवर, रांगत बाकापाशी, बाकावर दोन्ही हात, एक पाऊल पुढे, आणि वर. मी इतक्या वर्षांनी रांगले! गेटाशी उभी राहून अनघा फोटो काढत होती.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मी एकटी कोपऱ्यावरच्या दुकानात जायला लागले. कुणी मागून हाक मारली तर अंग पिळून वळायचं नाही, थांबून पावलांनी वळायचं, हे अंगवळणी पडायला लागलं. दुपारी माझ्या मशीनभोवती बायकांची रांग लागायची. अख्ख्या ले-आउटचे परकर आखूड झाले. बदल्यात सांबारवडी यायची, गोळाभात यायचा, सोललेली संत्री यायची. एवढं समाधान मला साताऱ्यात शिवणकाम जोरात चालत असतानाही मिळालं नव्हतं.

कुहीकडे

मुक्काम संपत आला तेव्हा शशिकलाबाईंनी जाहीर केलं की माहेरी जायचं. कुही तालुक्यातल्या एका गावात त्यांचे धाकटे भाऊ मधुकरराव शेती करतात. जावई गाडी घेऊन आले.

नागपूर मागे पडलं तसा हवेत मिरचीचा वास यायला लागला. रस्त्याच्या कडेने तोडलेल्या मिरच्या वाळत घातलेल्या, वाफेच्या वाफे लाल. मधे हिरवी शेतं. शशिकलाबाई खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, "ह्याच रस्त्यानं माह्या मायनं मले कडेवर घेऊन पायी नागपूरले नेलं होतं. दीक्षा घ्यायले. छप्पन साली. मले काही आठवत नाही, पण माय सांगे, चप्पल नव्हती पायात न तरी ती पूर्ण रस्ता नाचत गेली."

जावयांनी वेग जरा कमी केला, जणू त्या बाईला पुढे जाऊ द्यायचं होतं.

मधुकररावांच्या घरी खाटांवर गोधड्या टाकून आमचं स्वागत झालं. त्यांच्या बायकोने लाखोळीच्या, म्हणजे लाखेच्या डाळीच्या, कोवळ्या पाल्याची भाजी केली होती. धान कापायच्या आधीच त्या ओलीत लाखोळी फेकतात, ती मागे उगवून येते. आमच्याकडे भात काढला की शेत बहुधा रिकामं. ही हुशारी मला फार आवडली. भाजी, तांदळाची भाकर आणि ताज्या लाल मिरचीचा ठेचा. ठेच्याला मी बोटाचं टोक लावलं आणि जावयांचं पाणीही पिऊन टाकलं.

जेवणानंतर शेत पाहायला निघालो. धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे खाचरांच्या, मधून जो मातीचा उंच बांध जातो त्याला ते धुरा म्हणतात. धुऱ्यावर तूर लावतात. ती नुकतीच कापलेली होती आणि तिचे तिरपे खुंट मातीतून टोकं काढून उभे होते. मी पांढरे बूट, आखूड परकर, हातात मधुकररावांनी दिलेली काठी, अशी एकेक पाऊल टेकवत चालले होते. शशिकलाबाई पुढे होत्या. माहेरची माती ती. बूट घरी काढून त्यांनी वहिनीची रबरी चप्पल अडकवली होती. हातवारे करत, मागे वळून मला सांगत होत्या, "हे पाहा, हे आंब्याचं झाड, इथी आम्ही..."

आणि खुंटाला चप्पल अडकली. त्या सरळ धुऱ्यावरून खाली लाखोळीत पडल्या.

मधुकरराव धावले. "काय वं बाई! लागलं का?" आणि काखेत हात घालून ओढायला लागले.

"ओढू नका!" मी ओरडले. माझा तो आवाज शिवणाच्या वर्गातल्या पोरींनी ऐकलेला आहे, विहीणबाईंनी कधीच ऐकला नव्हता. मी धुऱ्यावरून बसून घसरत खाली गेले आणि त्यांच्या शेजारी मातीत बसले. "शशिकलाबाई, तशाच राहा. डोकं आपटलं का?"

"नाही."

"कंबर? मांडी? पाय हलवून दाखवा."

त्यांनी पाय हलवले. गुडघा खरचटला होता, तळहातात माती रुतली होती. बाकी ठीक होतं. पण तोंडाचा रंग उतरला होता. मी जावयांना घरून लोखंडी खुर्ची आणायला पिटाळलं. खुर्ची येईपर्यंत आम्ही दोघी लाखोळीत बसून राहिलो. माझा पदर ओला करून मी त्यांचा गुडघा पुसला. मग कुशीवर, चार पायांवर, खुर्चीवर हात, एक पाऊल पुढे. त्या उठल्या. मधुकरराव म्हणाले, "बाप्पा! कुठं शिकल्या जी?"

"तुमच्या बहिणीकडे," मी म्हटलं.

शशिकलाबाई हसल्या नाहीत.

आंभोरा

तिथून पुढे आंभोऱ्याला जायचं ठरलेलं होतं. वैनगंगेचा काठ, धरणाचं पसरलेलं पाणी, टेकडीवर देऊळ. मी सकाळपासून त्याचीच वाट पाहत होते. गाडी थांबली. शशिकलाबाई म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. मी बसते गाडीत."

"गुडघा दुखतोय?"

"नाही. तसंच."

हे 'तसंच' माझ्या चांगलं ओळखीचं होतं. किती तरी महिने मी ते फोनवर मुलाला ऐकवत होते. त्यांचे दोन्ही हात मांडीवर घट्ट बांधलेले, नजर पायांशी. एवढी दांडगी बाई! मला वाईट वाटलं आणि खरं सांगते, थोडा धीरही आला. भीती त्यांनाही वाटते तर.

त्यांचे बूट मी गावातून निघताना गाडीत टाकले होते. ते काढले, खाली उकिडवी बसले आणि त्यांच्या पायात चढवायला लागले.

"अहो, काय करून राहिल्या! विहीण माह्या पायाले हात लावते का?"

"मग स्वतः घाला."

त्यांनी घातले. मी गाडीचं दार धरून उभी राहिले. "देवळात नाही जायचं, टेकडी नाही चढायची. त्या झाडापर्यंत. तिथे नाही जमलं तर परत."

झाडापर्यंत गेलो. तिथून पाणी दिसत होतं, म्हणून पाण्यापर्यंत गेलो. दोघींचे हात एकमेकींच्या दंडावर, कोण कुणाला सांभाळतंय ते सांगता येणार नाही असे. वारा सुटला होता. पाणी इतकं पसरलेलं की पलीकडचा काठ एका निळ्या रेघेएवढा. आमच्या कृष्णेला दोन्ही काठ असतात, इथे नदीला नुसतं आभाळ होतं.

शशिकलाबाईंनी मोठा श्वास घेतला. "मंग? बंगलोर का सातारा?"

"सातारा," मी म्हटलं. बोलून गेल्यावर कळलं की हे आधीच ठरलं होतं, कधी ते माहीत नाही. मुलाला रात्री फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "बरं. पण संडासात दांडी बसवून घे." बसवली आहे.

काठाला नावा होत्या. मी फक्त बघत होते. शशिकलाबाई मात्र नावाड्याशी बोलायलाही लागल्या होत्या. त्याने आम्हा दोघींना केशरी जॅकेटं चढवली, पट्टे आवळले, फळी टाकली आणि स्वतः गुडघाभर पाण्यात उतरून हात पुढे केला. मी फळीकडे पाहिलं, त्याच्या हाताकडे पाहिलं. पाऊल टाकलं. मागून त्या आल्या. जावई काठावरून आमचा फोटो काढत होते. साडीवर बूट, साडीवर जॅकेट, आणि वर पिकलेले केस विस्कटलेले.

नाव आत गेली तशी काठावरची माणसं लहान झाली. पाणी फळ्यांवर थपथप वाजत होतं. शशिकलाबाईंनी एक हात पाण्यात सोडला, तो वर काढून माझ्या तोंडावर शिंपडला आणि पडल्यापासून पहिल्यांदा त्यांची ती टेलिफोनची हाक नदीभर घुमली,

"विहीणबाई! इथं पडलो तं लागतही नाही न वं!"

नावाड्याने वल्हं थांबवलं. "आजी, पडता कायले? बसा न निवांत. अजून लय नदी बाकी आहे."